अंड्याचा हात फिरवूनही चमक का येत नाही?

बन, ब्रेड, पेस्ट्री भाजण्याआधी चमक आणि रंगासाठी वरून फेटलेल्या अंड्याचं मिश्रण लावतात, तोच अंड्याचा हात (एग वॉश). तो देऊनही ओव्हनमधून ट्रे बाहेर काढला की यापैकी काहीतरी नजरेला पडतं:

- रंग आलाय, पण चमक नाही. बनवर धूळ बसल्यासारखी वाटते.
- चमक आहे, रंग मात्र फिकट.
- ब्रश जसा फिरला तसे गडद-फिकट पट्टे.
- पिवळट-पांढरे ठिपके, नाहीतर सुईच्या टोकाएवढे खड्डे.
- बुडाभोवती ऑम्लेटची झालर, आणि बन कागदाला घट्ट चिकटलेला.
- वरून काळपट, आतून ओलसर.
- वेणीच्या ब्रेडचे पेड जिथे सुटले तिथे पांढऱ्या रेषा.
- पफ पेस्ट्री एका अंगाला उंच, दुसऱ्या अंगाला दबलेली.
- तोंडाजवळ नेलं की अंड्याचा वास.
- ओव्हनमधून आरशासारखं निघालं, सकाळी बघावं तर निस्तेज आणि चिकट.

ही सगळी लक्षणं मी आधी माझ्याच ट्रेवर पाहिली आणि नंतर इतरांच्या ट्रेवर निस्तरली. दर वेळी पहिला संशय मिश्रणावर जातो. बलक कमी पडला, दुधाऐवजी क्रीम घालायला हवं होतं, अंडं ताजं नव्हतं, असं काहीबाही. खरा दोष बहुतेक वेळा थराच्या जाडीत असतो. वरच्या यादीतल्या पट्टे, ठिपके, झालर, वास या चारही तक्रारी एकट्या जाड थरामुळे येऊ शकतात. म्हणून प्रमाणाशी खेळण्याआधी खालच्या गोष्टी क्रमाने बघा, आणि एका खेपेला एकच गोष्ट बदला. तीन बदल एकदम केले आणि ट्रे सुधारला, तर कशाने सुधारला ते कळणार नाही आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच याल.

आधी फुकटातली कसोटी

पुढच्या वेळी ट्रेच्या मधोमध तीन बन शेजारी शेजारी ठेवा. एकाला काहीच लावू नका, दुसऱ्याला नुसत्या दुधाचा हात द्या, तिसऱ्याला अंड्याचा. बाकीचे नेहमीसारखे करा.

कोरा बनही एकाच बाजूने करपला असेल तर अंड्याचा काही संबंध नाही, सरळ ओव्हनच्या भागाकडे जा. कोरा आणि दुधाचा बन एकसारखे झाले आणि अंड्याचाच पट्ट्यापट्ट्यांचा झाला, तर दोष मिश्रणात किंवा हातात. तिन्ही फिकट असतील तर दोन शक्यता उरतात: ओव्हन पुरेसा तापत नाही, किंवा पीठ जास्त आंबलं आहे. जास्त आंबलेल्या पिठातली साखर यीस्टने संपवलेली असते, आणि साखरच नसेल तर रंग धरायला काही राहत नाही. त्यावर कितीही बलक फासा.

ही कसोटी टाळून थेट नवं मिश्रण करणारे खूप भेटतात. तसं करू नका, तीन बनांचा तर प्रश्न आहे.

गाळलं होतं का?

अंडं काट्याने फेटा आणि काटा वर उचला. काट्याच्या दातांमधून पांढरा लोळ लोंबत खाली आला तर मिश्रण अजून तयार नाही. सुटे थेंब पडायला हवेत. पांढऱ्या भागात दाट आणि पातळ असे दोन प्रकार असतात, शिवाय बलकाला मध्यभागी धरून ठेवणारी दोऱ्यासारखी पांढरी गुंतवळ असते. ही गुंतवळ काट्याने मोडत नाही. ती ब्रशवर चढते, बनवर उतरते आणि भाजल्यावर ठिपका होऊन बसते.

उपाय चहाच्या गाळणीचा. मिश्रण गाळून घ्या, चमच्याने हलकेच दाबा, वर राहील ते टाकून द्या. त्याआधी चिमूटभर मीठ घालून १० मिनिटं ठेवलं तर आणखी सोपं जातं, कारण मिठाने पांढऱ्यातल्या प्रथिनांची पकड सैल होते आणि मिश्रण आपोआप पातळ होतं.

सुईच्या टोकाएवढे खड्डे पडत असतील तर ते फेसाचे बुडबुडे फुटल्याचे. विस्क किंवा बीटर बाजूला ठेवा. काट्याचं टोक वाडग्याच्या तळाला टेकवून हलवलं की हवा फारशी शिरत नाही.

वाडग्यात नेमकं काय आहे?

पांढऱ्या भागात साधारण ९० टक्के पाणी आणि १० टक्के प्रथिनं असतात, चरबी जवळजवळ नाहीच. बलकात निम्मं पाणी, चौथ्या हिश्शाहून थोडी जास्त चरबी आणि उरलेली बहुतेक प्रथिनं. एवढं लक्षात असलं की मिश्रण पाठ करायला लागत नाही. पांढऱ्याने पारदर्शक, कडक चमक येते आणि रंग कमी. बलकाने सोनेरी-तपकिरी रंग येतो. प्रथिनं आणि साखर एकत्र तापून जो तपकिरी रंग धरतात, त्याला साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे वेग येतो. दुधात दोन्ही असतात, म्हणून पाण्याऐवजी दूध घातलं की रंग थोडा गडद होतो.

रोजच्या बन-ब्रेडसाठी मी १ अख्खं अंडं आणि १ टेबलस्पून, म्हणजे १५ मिली, दूध घेते. गडद रंग हवा असेल तर १ बलक आणि १ चमचा क्रीम किंवा दूध. कुकीजवर साखर चिकटवायची असेल तर नुसता पांढरा भाग, किंचित पाणी घालून. तुमचा रंग फिकट येत असेल तर आधी हे आठवा की दूध-पाणी अंदाजाने ओतलं होतं का. एका अंड्यात ३ टेबलस्पून पाणी गेलं की ते बनवरून ओघळून जातं आणि मागे नावापुरतं अंडं राहतं.

उलट, वरून काळं आणि आतून कच्चं होत असेल तर बलक आणि गोड पीठ यांची जोडी जड जाते आहे. गोड पिठाला मुळातच लवकर रंग येतो. अख्ख्या अंड्यावर या, ट्रे एक खण खाली घ्या आणि मनासारखा रंग आला की वरून फॉइल सैल टाका. आतून झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका. मऊ ब्रेडच्या मध्यभागी खुपसायचा थर्मामीटर ८८ ते ९० अंश दाखवत असेल तर ब्रेड झाला.

ब्रश आणि हात

इथे जरा थांबा, कारण माझ्याकडे मदतीला आलेले बहुतेक ट्रे याच पायरीवर सुटले.

माझ्या वेणीच्या ब्रेडवर कित्येक महिने पट्टे येत होते. दूध बदललं, बलक वाढवला, ओव्हनला नावं ठेवून झाली. एकदा सिलिकॉनचा ब्रश ऐन वेळी सापडेना आणि पीठ तर फुगून तयार. शेवटी हात धुतले, दोन बोटं मिश्रणात बुडवली, वाडग्याच्या काठाला निथळली आणि ब्रेडवर फिरवली. त्या दिवशी एकही पट्टा नव्हता. आपण ‘दुधाचा हात’ म्हणतो, ‘पाण्याचा हात’ म्हणतो, त्यात हात उगाच नाही, हे त्या दिवशी पटलं.

सिलिकॉनच्या ब्रशच्या काड्या जाड आणि गुळगुळीत असतात. मिश्रण त्यांना चिकटत नाही, काड्यांच्या मधल्या फटीत साठतं आणि पहिल्या स्पर्शालाच सगळं एका जागी सांडतं. तिथे गडद पट्टा. पुढे ब्रश कोरडाच फिरतो, तिथे फिकट. तव्याला तेल लावायला हा ब्रश उत्तम, अंड्याला नाही. मऊ केसांचा, साधारण दोन बोटं रुंद ब्रश घ्या. नसेल तर बोटं आहेतच, फक्त नंतर साबणाने धुवा.

ब्रश बुडवल्यावर त्याच्या दोन्ही बाजू वाडग्याच्या काठाला पुसा. मग तो जवळजवळ आडवा धरून बनच्या माथ्यापासून खाली या आणि बुडाच्या अर्धा सेंटीमीटर वर थांबा. खाली ओघळलेलं अंडंच शिजून झालर होतं आणि बनला कागदाशी डिंकासारखं जोडतं. एखाद्या बनखाली थेंब साचलाच तर किचन पेपरचं टोक लावून टिपून घ्या, ब्रशने पसरवायला जाऊ नका.

थर बरोबर आहे का ते कसं ओळखायचं? बनकडे तिरक्या नजरेने बघा. पृष्ठभाग ओला चमकायला हवा, पण पिवळा दिसता कामा नये. पिवळा रंग दिसला म्हणजे थर जाड झाला. दुसरी खूण उरलेल्या मिश्रणाची. एका अंड्याचं मिश्रण मध्यम आकाराच्या १२ बनना पुरून चांगलं उरतं. वाडगा रिकामा झाला असेल तर ते सगळं बनवर गेलं आहे, आणि अंड्याचा वासही तिथूनच येतो आहे.

ब्रश टेकवताच बन खाली बसत असेल तर तो ब्रशचा गुन्हा नाही. पीठ जास्त फुगून नाजूक झालं आहे. पुढच्या वेळी १० मिनिटं आधी तपासा: बोटाने हलकेच दाबल्यावर खळगा सावकाश, अर्धवट भरून यायला हवा.

बनवर आधीच काय बसलंय?

आकार देताना भुरभुरलेला मैदा वर राहिला असेल तर त्यात अंडं मिसळून खळ होते, आणि खळीला चमक कुठून येणार? ‘धूळ बसल्यासारखं’ दिसण्याचं सर्वात साधं कारण हे. अंडं लावण्याआधी कोरड्या ब्रशने मैदा झटका. याला अर्धा मिनिट लागतो.

दुसरं कारण साल धरण्याचं. फुगायला ठेवलेलं पीठ उघडं राहिलं की वरून सुकतं, आणि त्या सालीवर अंडं एकसारखं पसरत नाही, बेटंबेटं होतात. झाकून ठेवा.

कधी लावलं?

वेणीवरच्या पांढऱ्या रेषांचा उगम वेळेत आहे. ओव्हनमध्ये गेल्यावर पहिल्या काही मिनिटांत ब्रेड झपाट्याने फुगतो, पेड एकमेकांपासून सरकतात आणि आतलं, अंडं न लागलेलं पीठ उघडं पडतं. यावर दोन हातांची पद्धत चालते. आकार देऊन झाला की एक अगदी पातळ हात, आणि ओव्हनमध्ये घालण्याच्या आधी दुसरा. मधल्या वेळात पेड थोडे सुटलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या हाताला ब्रशचं टोक त्या खाचांमध्ये पोचतं. पहिल्या थराने सालही धरत नाही.

दोन पातळ थरांची चमक एका जाड थरापेक्षा नेहमी सरस येते. फक्त पहिला थर थोडा सुकू द्या. ओल्यावर ओलं म्हणजे पुन्हा एक जाड थरच.

दोन हात देऊनही रेषा रुंद फाटत असतील तर पीठ कमी फुगलेलं आहे. उरलेली सगळी ताकद ते ओव्हनमध्ये काढतं. फुगायला आणखी वेळ द्या.

तीळ, खसखस लावायची असेल तर दुसऱ्या हातानंतर लगेच. सुकल्यावर टाकलेली झडते.

पफ पेस्ट्रीच्या कडा

पफ पेस्ट्रीत लोणी आणि पिठाचे पातळ पदर एकावर एक असतात, आणि लोण्या-पिठातल्या पाण्याची वाफ ते पदर उचलते. कापलेल्या कडेवरून अंडं ओघळलं की ते लवकर शिजून पदरांना टाका घालतं. ती बाजू वर येतच नाही. म्हणून माथ्यावर लावा आणि कडेच्या आधी थांबा. मी पेस्ट्री फ्रिजमधून थंड काढून लावते, तेव्हा हात घसरला तरी कडा दबत नाहीत. ओघळ गेलाच तर धारदार सुरीने ती कड केसभर छाटून टाका, पुसून काही उपयोग नाही.

ओव्हन

इथवर सगळं नीट असेल तरच इकडे या, कारण इथून पुढे वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात.

ओव्हनचा दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, भिंती आणि जाळी अजून मागे असतात. २० ते ३० मिनिटं तापू द्या. पंखा चालू असेल तर कृतीत दिलेल्या तापमानापेक्षा साधारण २० अंश कमी ठेवा, नाहीतर वरचा थर आधी गडद होतो. कुरकुरीत ब्रेडसाठी काही जण ओव्हनमध्ये पाण्याचं भांडं ठेवतात. अंडं लावलेल्या ब्रेडला ते नको. पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही आणि रंग अडून राहतो.

रंग एकाच बाजूला येत असेल तर जाळीवर ब्रेडच्या पांढऱ्या स्लाइस कडेपासून कडेपर्यंत मांडा, १८० अंशांवर ठेवा आणि काचेतून बघत राहा. कुठली स्लाइस आधी तपकिरी होते, तिथे ओव्हन जास्त तापतो. थोडाफार फरक जवळजवळ प्रत्येक ओव्हनमध्ये असतो. दोन तृतीयांश वेळ झाल्यावर ट्रे फिरवला की तो झाकला जातो. त्याआधी फिरवू नका, पीठ सावरलेलं नसतं.

त्यानंतर ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर. १८० अंश लावून अर्ध्या तासाने दर ५ मिनिटांनी आकडा लिहा, असे ५-६ आकडे घ्या. थर्मोस्टॅट चालू-बंद होतो, त्यामुळे आकडा वरखाली होणारच. सरासरी बघा. सरासरी १० अंशांनी चुकत असेल तर बटण तेवढं पुढे-मागे करा आणि विसरून जा.

बाहेर काढल्यावर

चमक सकाळपर्यंत मेली असेल तर ब्रेड गरम असताना डब्यात गेला. आतली वाफ झाकणाला लागून परत थरावर उतरते. जाळीवर पूर्ण थंड होऊ द्या, बुडाला हात लावून बघा.

ट्रे बाहेर काढला आणि मधे एक जागा कोरी राहिलेली दिसली, तर तिथे पातळ हात फिरवून ट्रे ५ मिनिटं पुन्हा आत घाला. भाजून झाल्यावर अंडं लावून तसंच वाढायचं मात्र नाही. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो, तो थर शिजायलाच हवा. याच कारणाने मिश्रण २ तासांहून जास्त बाहेर राहिलं असेल तर टाकून द्या. वापरलेला ब्रश बुडवलेलं उरलेलं मिश्रण मी जपून ठेवत नाही, अंडं वाया गेलं तरी चालेल. ब्रश आधी गार पाण्याखाली धरा, मग साबण आणि गरम पाणी. थेट गरम पाण्यात घातला तर अंडं केसांच्या मुळाशी शिजून बसतं.

खाणाऱ्यांपैकी कुणाला अंड्याची ॲलर्जी असेल तर ‘नुसता वरून हात दिलाय’ हा युक्तिवाद चालत नाही. त्यांच्या वाट्याला दुधाचा किंवा क्रीमचा हात द्या, आणि तो ब्रशही वेगळा ठेवा. चमक कमी येईल, येऊ दे.

कुठे थांबायचं

सरासरी २० अंशांहून जास्त चुकत असेल, किंवा एक दिवस जास्त आणि दुसऱ्या दिवशी कमी दाखवत असेल, तर थर्मोस्टॅट किंवा त्याचा सेन्सर बिघडला असण्याची शक्यता मोठी. वरची कॉइल अर्धीच लाल होत असेल, ओव्हन लावताच घरातला ब्रेकर पडत असेल, बाहेरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर प्लग काढा आणि वापर बंद. मागचं झाकण स्वतः उघडू नका. गॅसच्या ओव्हनची ज्योत निळ्याऐवजी पिवळी, काजळी धरणारी दिसली तरी तेच. गॅसचा वास आला तर सुरक्षितपणे जमत असेल तर कॉक बंद करा, खिडक्या उघडा, कुठलंही बटण चालू-बंद करू नका आणि बाहेर जाऊन फोन करा.

मेकॅनिक आला की ‘नीट भाजत नाही’ एवढंच सांगू नका. थर्मामीटरचे लिहिलेले आकडे आणि स्लाइसचा फोटो दाखवा. माझ्याकडे आलेल्या माणसाने फोटोतला डावा, मागचा कोपरा पाहिला आणि थेट त्या बाजूच्या कॉइलचा जोड तपासला. तो सैल होता.